जुन्या घराचं नाव

टे नदीवरून वारा निघतो तो थेट तिसऱ्या मजल्यावर येतो
आणि खिडकीच्या फटीत शीळ घालत बसतो.
मी जमिनीवर. पुढ्यात स्पीकर,
साखरेच्या डब्याएवढा, करड्या कापडातला,
डोक्यावरचा नारिंगी दिवा गोल फिरवत,
घाण्याला जुंपल्यासारखा.

"मला इंटरनेट सापडत नाही," तो म्हणाला.
आवाज तोच, ब्रॉटी फेरीच्या स्वयंपाकघरातला,
जिथं सात वर्षं त्यानं माझी अंडी
चार मिनिटांच्या वर कधी उकडू दिली नाहीत.

घर सोडताना मी तीनच वस्तू मागितल्या:
आईचं शिवणयंत्र, जिरेनियमची कुंडी, आणि हा.
ॲलस्टर म्हणाला, ने, तसंही
तो तुझंच ऐकायचा.

पुस्तिका म्हणते, राउटर बंद करा, तीस आकडे मोजा.
मी साठ मोजले, न जाणो.
पुस्तिका म्हणते, स्पीकर राउटरजवळ आणा.
आणला. दाराआडच्या त्या काळ्या खोक्याच्या
मांडीला मांडी लावून बसवला.
पासवर्ड खोक्याच्या बुडाशी, मुंगीच्या अक्षरात.
चष्मा, चष्म्यावर भिंग,
तरी ते शून्य की ओ
हे देवाला आणि कंपनीलाच ठाऊक.

मग खालच्या मजल्यावरची शोना आली,
तेरा वर्षांची, टाय खिशात कोंबलेला,
आणि डॉक्टरनं नाडी बघावी तसा
तिनं माझा फोन हातात घेतला.
"भिंती बघ की. दोन हात दगड.
ज्यूट गिरणीच्या लोकांसाठी बांधलेल्या, वाय-फायसाठी नाही.
पाच गिगाहर्ट्झ आतल्या खोलीत पोचेपर्यंत धापा टाकतं.
दोन पॉइंट चार घे.
ते मंद आहे, पण भिंतीतून जातं."

(माझी आजी अशीच होती. गिरणीत बहिरी झालेली,
पण तीन भिंतींपलीकडचं भांडण तिला कळायचं.)

दिवा नारिंगीच.
"तो अजून जुन्या घराला हाका मारतोय," शोना म्हणाली.
"एक युक्ती आहे. राउटरला जुन्याचं नाव दे,
जुनाच पासवर्ड, अक्षर न् अक्षर.
आपोआप जोडला जाईल. त्याला वाटेल,
घरीच आहे."

जुनं नाव होतं ॲलस्टर-आणि-इश्बेल.
पासवर्ड: कुत्र्याचं नाव, लग्नाचं साल.
कुत्रा केव्हाच गेला.
मी टाइप करत गेले, ॲलस्टर-आणि-इ पर्यंत,
आणि बोट तिथंच राहिलं.
फसवून नांदवायचं कुणाला, आणि किती दिवस?

"विसरायचं बटण कुठंय?"
शोनानं दाखवलं. वीस सेकंद दाबून धरायचं.
वीस सेकंद फार असतात.
त्यात गेला साडेसहाचा गजर, जो माझा नव्हताच,
गेले शनिवारचे फुटबॉलचे निकाल,
एका नाताळची अर्धवट यादी: बटाटे, मेणबत्त्या, ॲलस्टरला मोजे.
तो टुण् म्हणाला. नव्यानं जन्मला. भाषा विचारली.

आजूबाजूच्या नेटवर्कांची यादी उघडली:
ड्रॅगनची गुहा. फ्रेझर मंडळी.
तिसऱ्या मजल्यावाले, हळू चाला.
"हे मलाच म्हणताय का?"
शोना लाल झाली. "आईनं ठेवलंय.
तुझ्या आधीच्या माणसासाठी."

मग मी माझ्या राउटरला नाव दिलं: अनवाणी चालते.
पासवर्ड शोनाला सांगितला. तुम्हाला नाही.

दिवा पांढरा झाला, मग विझला, म्हणजे जमलं.
ओव्हनमध्ये दोन पाय ठेवल्या होत्या, मटणाच्या.
मी म्हटलं, पेला वीस मिनिटं लाव.
आम्ही डंडीत पायला पे म्हणतो, जन्मापासून.
त्यानं विचारलं, पैसे कुणाला द्यायचे आहेत?
शोना हसून हसून जिरेनियमवर पडली.
एक फांदी मोडली. ती पेल्यात लावलीय.

रात्री अकराला तो पुन्हा नारिंगी झाला.
मी उठले नाही.
खाली फ्रेझरांचा मायक्रोवेव्ह घरघरत होता,
तेवढाच वेळ.