शुद्धिपत्र

टिपणीसकाकांचं हस्तलिखित आमच्या प्रेसमध्ये आलं
तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते
आणि कागद त्यांच्याहून थोडेच तरुण.
बरेचसे वीज मंडळाच्या रीडिंग-कार्डांच्या पाठी :
पुढे युनिट, मागे मजकूर.
चौतीस वर्षं, दांडिया बाजार ते कारेलीबाग,
ते लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपत राहिले.
लोक चहाचं विचारत, लग्नाचं विचारत.
चहा ते घेत.

प्रुफं माझ्याकडे होती.
पहिल्याच पानावर निळ्या शाईतली जुनी 'ती',
आणि तिच्यावर ताज्या लाल बॉलपेननं
वेलांटी खोडून काना, मात्रा.
ती आली. तो आला.
ती रुसली. तो रुसला.
करवतीनं खरबरीत झालेला तिचा हात – त्याचा.
(एकोणसत्तर साली करवत चालवणारी नायिका
कुणाला पचली असती कोण जाणे.)
चारशे बारा पानं. एकेक क्रियापद
आत जाऊन कपडे बदलून आलेलं.

जशवंत पंचाल. रावपुऱ्यात फर्निचरचं दुकान,
पाटीवर 'अँड सन्स',
हा त्यातला शेवटचा सन.

"भेटायला जागा नव्हती असं नाही,"
काका चष्मा पुसत म्हणाले,
"काळ्या घोड्याच्या पुलावर जायचं.
थंडीत विश्वामित्रीच्या काठाला मगर उन्हाला येते,
अख्खं बडोदं कठड्याला चिकटून बघत असतं.
दोन माणसं खांद्याला खांदा लावून
तासभर उभी राहिली तरी
त्यांच्याकडे कोण बघणार?
मगर होती ना.

जशू माझ्या व्याकरणाला हसायचा.
अमारामां तो 'ए' एटले 'ए', म्हणायचा,
तोही ए, तीही ए.
तुमची मराठी फार चोंबडी,
सर्वनामातच चौकशी करते."

पुस्तक निघालं तेव्हा जशूभाई जाऊन चार वर्षं झाली होती.
बेसण्याला काका मित्रमंडळात बसले होते,
चौथ्या रांगेत, खांबाआड.

मग बक्षीस, मग फोटो, मग नगरगृहात सत्कार.
पुण्याच्या पाहुण्यांनी 'धाडस' हा शब्द
नऊ वेळा वापरला, मी मोजला.
काका नारळ सांभाळत उठले, म्हणाले,
"आमचे हे असते तर
या खुर्च्या बघून म्हणाले असते, सांधे कच्चे आहेत."
सगळे हसले.
मग 'आमचे हे' मागच्या रांगांपर्यंत पोचलं
आणि हसू जिथल्या तिथं राहिलं.
फक्त माझी आई,
जिनं बाबांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही,
ती मान हलवत होती,
बरोबर आहे, बरोबर आहे, अशी.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी फोन केला.
"पान दोनशे सत्याऐंशी. एक राहून गेलंय,
'ती दारात उभी होती.'
तो करू ना?"
पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
"राहू दे," म्हणाले.
"पन्नास वर्षं तिनं आम्हा दोघांना सांभाळलं.
आता म्हातारपणी कुठे काढायची तिला?"

अजून आहे ती तिथं.
चोखंदळ वाचक पत्रं पाठवतात,
पान, ओळ, चूक, अधोरेखित.
मी आभार मानते.