गुळणी

निवतीला मच्छीमार सोसायटीच्या वरची खोली
बुधवारी माझी.
इतर दिवस तिथे जुनी जाळी, एक बंद पडलेला वजनकाटा
आणि तो वास, जो संध्याकाळी
कुडाळच्या एस्टीत माझ्याआधी चढतो.

पहिल्या दिवशी मी शहरातून आणलेली चित्रांची पेटी उघडली.
क कमळाचा.
तिने कमळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं
आणि खिडकीबाहेर बघत बसली.
नाव विचारलं, तर बोटाने फळीवरची धूळ पुसत म्हणाली,
"तनत थवणेतर."
बाकावरची दोन पोरं हसली.
मग दोन बुधवार कनक खवणेकर काही बोलली नाही.

तिसऱ्या खेपेला पेटी घरीच ठेवली.
टोपलीत आणली एक करवंटी, कालवांचे शिंपले,
काजूच्या बिया, कोकमाचं आगळ,
आणि एक जिवंत कुर्ली, नांग्या सुंभाने बांधलेली.
"ही कोण?"
"तुर्ली," ती म्हणाली, आणि लगेच ओठ मिटले.
कुर्लीने काही मनावर घेतलं नाही.

जीभ आळशी नसते. हे मी प्रत्येक आईला सांगते.
ती फक्त दातांच्या उंबऱ्यापाशी रेंगाळते,
आणि क राहतो पार मागच्या पडवीत,
घास गिळतो तिथे.
तिथवर तिला ओरडून नेता येत नाही.

म्हणून आम्ही जाळ्यांच्या ढिगावर उताण्या झोपलो,
दोघी, कौलांकडे तोंड करून,
जीभ आपसूक मागे कलंडावी म्हणून.
वरून पाल बघत होती.
मग आगळाच्या पाण्याची गुळणी:
मान वर, घशात खळखळ, ग्गग्गग्ग.
"होडीचं इंजिन!" मी म्हटलं.
तिने मान हलवली. आमचं असं नाही वाजत.
आणि कसं वाजतं ते करून दाखवलं.
फ्रॉक, माझी वही, वजनकाटा, सगळं लाल.

तेव्हा, पाणी संपल्यावरही,
एक आवाज घशात उरला.
क्.
एवढाच. सुपारी फुटल्यासारखा.
आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो.
तिने तो परत केला, आणि करवंटीत एक शिंपला टाकला.
त्या दिवशी चव्वेचाळीस शिंपले झाले.
शब्दात मात्र तो बसेना. कुर्ली तुर्लीच राहिली.

बाप जिन्यात बसायचा, आमच्याकडे पाठ करून.
भास्कर खवणेकर. बंदीचे दिवस, होडी झापांखाली.
हो-नाही मानेनेच.
मला वाटलं, ताठा असेल.
मग गृहपाठाच्या वहीत कनकच्या आईने लिहिलं,
"चेडू रोज गुळण्यो करता.
तिचो बापूस पण करता. न्हाणयेत. दार लावन."

पुढच्या बुधवारी कनकला ताप होता.
तो एकटाच आला. दारात चपला काढायला
फार वेळ लावला त्याने.
"माता," तो म्हणाला, आणि थांबला.
"माता समदी बोबडो म्हणीत.
हजेरी देवची लागता म्हणान शाळा सोडलंय.
वायरलेसार मी बोलणंय नाय, भाव बोलता."
आणि मग, जिन्याकडे बघत, "भास्तर. ह्यां नाव."

चाळीशीच्या माणसासाठी माझ्याकडे चित्रं नव्हती.
मी पेला भरला.
तो जाळ्यांवर आडवा झाला, सवयीने,
एक फाटकी गाठ हाताने चाचपत.
पाल तीच होती.
बराच वेळ नुसतं पाणी वाजलं,
मग ठसका, मग हसू,
मग पुन्हा पाणी.

करवंटीत कनकचे शिंपले होते.
त्याने आत बोट घालून ते हलवले,
एकही उचलला नाही.
"आजून एत," तो म्हणाला,
"तरवंटी आसा?"