ठराव क्रमांक चौदा

पाणी एक दिवसाआड येऊ लागलं
तेव्हा पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सोसायटीत
ठराव झाला, सर्वानुमते,
म्हणजे सव्वीस हात वर, दोघे फोनवर,
आणि पेंढारकर चपला घालून चालते झाले.

लिहिला मी. अक्षर माझं अजून बरं आहे.
"हिरवळीस नळाचे पाणी घालू नये.
झाडांना सकाळी सातच्या आत, अथवा दिवस मावळल्यावर.
पाइप धरून उभे राहू नये, ठिबक लावावी.
आरओचे वाया जाणारे पाणी खालच्या पिंपात आणून ओतावे.
नवे रोप आणण्याआधी विचारावे, याला किती लागतं?"
शेवटचं वाक्य ठरावाच्या भाषेत बसत नाही,
म्हणालं कुणी. राहू दिलं.

चौतीस वर्षं नाशिकरोडला प्रेसमध्ये
मी नोटा मोजल्या, सगळ्या दुसऱ्यांच्या.
एक शीट कमी भरली तर कुणी घरी जायचं नाही.
म्हणून मीटरची वही माझ्याकडे.

लॉन दोन हजार सातशे चौरस फूट.
बिल्डरच्या कागदावर तिच्यावर एक बाई
पुस्तक वाचत लोळलेली.
प्रत्यक्षात पाटी : गवतावर चालू नये.
ती फक्त साळुंक्यांनी मोडली.
रोज हजार-बाराशे लिटर प्यायची,
कधी जाणार हे विचारता येत नाही
अशा पाहुण्यासारखी.

पाणी घालायचा काशिराम भोये.
गाव सावळघाट ओलांडून पेठच्या पुढं.
तिकडे आषाढात आठ-आठ दिवस चूल धुमसते,
आणि चैत्रात विहिरीत उतरून
वाटीनं खरवडतात पाणी.
हे त्यानं आपणहून सांगितलं नव्हतं.
विचारल्यावर सांगितलं,
पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबून
पाण्याचा पंखा करता करता.

ठराव वाचून दाखवला. "बरं झालं," म्हणाला,
"पण गवत मरताना वास येतो, बाई. सांगून ठेवतो."
आला. पहिल्या मजल्यानं खिडक्या लावून घेतल्या.
पेंढारकरांनी बोर्डावर दोन रंगीत फोटो डकवले :
आधी. नंतर.

मग भोयेनं मोहाडीहून जुनी नळी आणली,
द्राक्षबागेतून काढलेली, गंधकाचा वास अजून तिच्यात,
मेव्हणा तिथं छाटणीला जातो.
टाचणीनं एकेक भोक मोकळं केलं.
कण्हेर, अबोली, कोरफड,
कुंपणाला करवंदी,
आणि उघड्या मातीवर पालापाचोळ्याची गोधडी.
काही दिवस सगळं जावळ काढल्यासारखं दिसलं.

पहिला दंड मीच भरला. पन्नास रुपये.
वैशाखात दुपारी एकला
कुंडीतल्या नेच्याला तांब्याभर पाणी,
चोरून, स्वतःच्याच बाल्कनीत.
वर बघितलं तर पेंढारकर.
पावतीवर देणार मी, घेणारही मीच.

मे संपताना लॉन पुरती तपकिरी झाली.
फक्त मागच्या नळाजवळ, ताटाएवढा
एक हिरवा डाग.
पिंप तपासलं, व्हॉल्व तपासला. गळती कुठं नाही.
तीन रात्री वही घेऊन बसले,
रोजचे चार-साडेचार लिटर
जातात कुठं?

चौथ्या दिवशी सहा वाजता जिन्यात बसून राहिले.
भोयेनं खुरपं धुतलं, हात धुतले,
मग पाय, उजवा, डावा, पुन्हा उजवा,
टाचेच्या भेगांतून बोट फिरवत, सावकाश,
आणि सायकल काढून गेला.

ठरावात असं कलम नाही.
पेंढारकर विचारतील. विचारोत.
वहीत त्या रकान्यात आधी लिहिलं : किरकोळ.
चौतीस वर्षांत हा शब्द मी वापरला नव्हता.
खोडला.
लिहिलं : भोये, हातपाय. साडेचार.
बेरीज जुळली.