पाणी, पानी

जालन्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला
एक्स-रे ओलांडून जिन्याखाली माझी खोली.
तिच्या पोटात आणखी एक खोली, कपाटाएवढी,
आतून स्पंज ठोकलेली.
तिथं मी माणसांना वीस मिनिटं शांतता देते.
बऱ्याच जणांना ती सोसत नाही.

खाजामियांनी एकतीस वर्षं
रोलिंग मिलमध्ये लाल सळया चिमट्यात धरल्या.
हेडफोन चढवून मी सांगते,
आवाज आला की बटण दाबा.
ते दाबतात.
मी आवाज दिलेला नसतो तेव्हाही दाबतात,
काचेतून माझ्याकडं बघत,
शेजारच्याचा पेपर बघणाऱ्या पोरासारखे.
बहिऱ्याला भट्टीजवळ ठेवत नाहीत,
हे मला यंत्रानं सांगितलं नाही.

मग शब्दांची यादी.
कुठल्याशा लांबच्या स्टुडिओत
कुणीतरी धुतलेल्या गळ्यानं वाचलेली.
यादी म्हणते, साखर.
मंठ्याहून सकाळच्या गाडीनं आलेल्या गयाबाई म्हणतात,
आकर... नाय नाय, थांबा, भाकर.
यादी म्हणते, पाणी.
गयाबाई म्हणतात, पानी.

तक्त्यावर खुणा दोनच. बरोबर, चूक.
साखरेची भाकर झाली, तो कान. कळलं.
पण पाण्याचं पानी झालं, ते कुणाचं?
कानाचं, की मंठ्याचं?
माझ्या आईचंही पानीच होतं.
होस्टेलच्या पहिल्या महिन्यात
मी माझ्या जिभेवरून ते पुसून काढलं.
पेन्सिल हातात तशीच राहते,
बाहेर पुढचा नंबर दार वाजवतो.

गुणपत्रिकेप्रमाणे मी मास्टर.
बाकावरचे विचारतात, ताई, डाक्टर कवा येतेत?

औंदा विद्यापीठात विषय आला, क्रमांक सतरा:
श्रवणशास्त्रातील व्यावसायिक डॉक्टरेट
सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत.
खुलाशाला मला बोलावलं. दाराजवळची खुर्ची,
पंख्याचा घरघराट बरोबर डोक्यावर.
एक म्हणाले, पीएच.डी. आहे की, अजून कशाला?
दुसरे म्हणाले, आज कान तपासायला डॉक्टरेट,
उद्या नखं कापायला मागतील.
हशा झाला. माझ्या अंदाजानं सत्तर डेसिबल.
टोकाला बसलेले देवणीकर सर
सगळ्यांच्या ओठांकडं बघत होते.
ते हसले, पण अर्धा क्षण उशिरा.

तो अर्धा क्षण मी रोज बघते.

मी बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही.
एवढं आठवतं की यादी काढून दाखवली,
म्हटलं, हा प्रश्न प्रयोगशाळेत बसून सुटायचा नाही,
पेशंटपुढं चार वर्षं घालवावी लागतील,
आणि पेशंट इथं आहे.
नखंवाले गृहस्थ हळूच म्हणाले,
आमच्या परतूरातबी पानीच म्हणतेत.
मग कुलसचिवांनी चष्मा पुसला.
असा अभ्यासक्रम देण्याचा अधिकार
आज विद्यापीठाला नाही.
आधी कायद्यात तसं यायला हवं.
शिफारशीसह शासनाकडे पाठवावे.
विषय क्रमांक अठरा, वसतिगृहाची गळती.

व्हरांड्यात देवणीकर सर मागून आले.
ती तुमची खोली, कुठं म्हणालात?
जिन्याखाली, सर.
काय?
मी त्यांच्यासमोर उभी राहिले, उजेडात,
तोंडावर आलेला पदर बाजूला केला.
जिन्याखाली.
सहज विचारलं, ते म्हणाले. आमच्या एका ओळखीच्यांसाठी.
ओळखीच्यांना गुरुवारी पाठवा, मी म्हटलं,
गर्दी कमी असते.

फाईल मुंबईला गेली. पुढचं माहीत नाही.
खाजामियांना मी पुन्हा बोलावलंय,
म्हटलं, चाचा, हा कागद मिलमध्ये जाणार नाही,
आता खरं दाबा.
गयाबाईंचा तक्ता ड्रॉवरमध्ये आहे.
भाकरीपुढं फुली मारली.
पानीपुढची चौकट अजून रिकामी ठेवलीय.