सदतीस उशा

समुद्रगवतावर बोलायला सदतीस माणसं येणार आहेत
स्प्लिटला, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात.
भाषणं ठरली. जेवणं ठरली.
झोपणार कुठे, ते माझ्यावर सोडलंय.
संचालक म्हणाले, "नेवेंका, तू इथली. तुझ्या ओळखी आहेत."

आहेत ना. पण जूनमध्ये ओळखीलाही भाडं पडतं.

राजवाड्याच्या भिंतीलगतच्या खोलीचा भाव
मी दोनदा विचारला, ऐकण्यात चूक झाली असं समजून.
फोनवरची बाई माझ्याच वर्गात होती.
तिनं तिसऱ्यांदाही तोच आकडा सांगितला, हळू आवाजात,
कुणी गेल्याचं सांगावं तसा.

माझ्याकडे माणशी पस्तीस युरो.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणे.
इथे पाय आधी आलेत, चौऱ्याहत्तर,
आणि मी अंथरूण शोधत हिंडतेय.

मठातल्या जोगिणी सहा बायकांना घेतील;
दार रात्री दहाला बंद.
डाकारच्या कुम्बा सार बाईंना हे कसं कळवायचं,
दोन दिवस घोळवलं, मग लिहून टाकलं.
उत्तर आलं: मी नऊलाच झोपते.

शिडाच्या होड्या शिकवतात तिथे अकरा बंक,
ओल्या दोरखंडाचा वास फुकट.
नॉर्वेचे प्राध्यापक साडेसहा फूट.
टेप घेऊन मी बंक मोजला,
मग प्राध्यापकांचं नाव खोडलं.

वारोशच्या चढावर पेरीना आजीबाईंच्या दोन खोल्या.
पाहुणे आले की त्या स्वयंपाकघरात झोपतात,
टेबल भिंतीला सरकवून.
"हिवाळ्यात घर माझं," म्हणाल्या, "उन्हाळ्यात मी घराची."
आणि चादरींचे जादा पैसे मागितले. दिले.

माझी आई फेरीच्या धक्क्यावर उभी राहायची,
हातात पुठ्ठा: खोल्या मिळतील.
माणसाच्या तोंडाकडे नाही, बुटांकडे बघायची,
आणि सहसा चुकायची नाही.
मी सात वर्षांची. माझी खाट एका जर्मन जोडप्याला,
मी उशी घेऊन बाथटबमध्ये.
नळ गळायचा. पायाच्या बोटावर
एक थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग एक थेंब.

छत्तीस झाले.
सदतिसावी खाट श्पिनूतला, तिसरा मजला, स्वस्त.
मालक म्हणाला, "एक जूनपासून रिकामी."
एकतीस मेला बघायला गेले.
दार येरेनं उघडलं.

येरे आमचाच. थंडीतही पाण्याखाली जाऊन
गवताची पाती मोजतो तो.
पुस्तकं टोमॅटोच्या खोक्यांत भरलेली,
भिंतीवर खिळे उरलेले.
आपल्याकडे विद्यार्थ्यांना घर मिळतं ते मेअखेरपर्यंतच,
हे मला काय माहीत नव्हतं?
माहीत होतं. दार कोण उघडेल, तेवढं माहीत नव्हतं.

तो ओशाळला नाही. मीच ओशाळले.
"गादी बरी आहे," म्हणाला, "फक्त डावीकडे खड्डा पडलाय.
पाहुण्यांना उजवीकडे झोपायला सांगा.
गरम पाणी यायला चार मिनिटं लागतात."
आणि तू?
"डायव्हिंगचे सूट टांगतो ना, त्या खोलीत बाक आहे."

त्याचं भाषण तिसऱ्या दिवशी, नऊ वीसला.
विषय मीच टाइप केलाय:
नांगरानं उपटलेलं गवत
पुन्हा रुजायला किती वर्षं घेतं.

खिडकी तपासली. कडी लागत होती.
खोली घेतली; पस्तीसच्या आत होती.

घरी येऊन यादी पूर्ण केली.
खाली आणखी एक ओळ टाकली, अडतिसावी.
नाव: येरे. पत्ता: माझा. दराचा रकाना कोरा.
माझ्याकडे खोली एक, खाट एक.
मग बाह्या सारून बाथटब घासला.
नळ अजून गळतो.
सात वर्षांची होते तेव्हा मावायचे;
आता गुडघे दुमडावे लागतील.