खंड

कोर्टनाक्यावर, पिंपळाच्या पारापासून तिसरं टेबल माझं.
जून-जुलैत इथं नावबदलाचे कागद कमी,
खंडाचे जास्त.
पोरं गॅप म्हणतात. यादीत छापलेलं असतं:
‘शिक्षणात खंड असल्यास प्रतिज्ञापत्र’.
मजकूर मला पाठ आहे, आता प्रिंटरलाही.

‘सदर कालावधीत मी कोणत्याही
महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नव्हता,
नोकरी अथवा व्यवसाय केलेला नव्हता,
कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता.’

तीनदा नव्हता.
त्याखाली सही, फोटो, नोटरीचा लाल गोल शिक्का.

काल हेमांगी गोंधळी आली. राहणार विटावा.
प्लास्टिकच्या फोल्डरात सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स,
आणि विद्यापीठाचं माहितीपत्रक,
‘आर्थिक साहाय्य’च्या पानात
टीएमटीचं तिकीट खूण म्हणून.
मजकूर तिनं वाचला. (कुणी वाचत नाही.)
म्हणाली, काका, मधली ओळ काढा.
खोटी आहे.

मी म्हटलं, हा नमुना आहे, बाई.
नमुन्यात खरं-खोटं नसतं, समास असतो.

तर उभ्यानंच सांगत सुटली,
मागे दोघं रांगेत असताना:
मंगळवार-शुक्रवार वडलांचं डायलिसिस, कळव्याला.
रात्री महापेला कॉल सेंटर,
अमेरिकेतल्या बायकांचे बंद पडलेले फ्रीज.
पहाटे चारला कंपनीची गाडी,
मागच्या सीटवर मोबाईलच्या उजेडात
सूक्ष्मजीवशास्त्राचं पुस्तक,
आणि ड्रायव्हर इक्बालभाई
ती पान उलटायला लागली की गाणी बंद करायचे.
‘हे सगळं “नव्हतं” कसं लिहू?’

मी तिच्या भल्याचंच बोललो.
नोकरी दाखवलीस तर पगार धरतील,
उत्पन्न मर्यादेच्या वर जाईल,
फीमाफी गेली समज.
‘गेली,’ ती म्हणाली. ‘चार हजारांनी. मी बेरीज केलीय.’
मग तिकिटाच्या पानावर बोट:
कमवा आणि शिका. प्रयोगशाळेत काचा धुवायच्या,
तासावर पैसे.
उरलेलं बँकेचं कर्ज.
जामीनदार मामा,
पण तो अजून हो म्हणालेला नाही.

खंड.
माझा बाप मुरबाडला दुसऱ्याचं शेत खंडानं करायचा,
सुगीला बारा मण भात मालकाच्या ओट्यावर.
शाळेत खंड म्हणजे आशिया, आफ्रिका.
वाचनालयात खंड पहिला, खंड दुसरा,
तिसरा नेहमी कुणीतरी नेलेला.
आणि माझं एम. ए., भाग एक, चौऱ्याण्णव साली.
भाग दोनचा फॉर्म मी आणला होता.
भरायचा राहिला.
त्याचं प्रमाणपत्र कुणी कधी मागितलं नाही.
मागणार कसं?
खंड म्हणायला दोन्ही बाजूंना काठ लागतो.

हे तिला सांगितलं नाही. रांग होती.

मधली ओळ काढली. तिथं तिनं सांगितलं तसं टाइप केलं,
फ्रीज आणि इक्बालभाई वगळून.
वडलांचं दुखणं, नोकरीच्या तारखा,
राजीनाम्याची तारीख.
कागद दुसऱ्या पानावर गेला.
नोटरीसाहेब कुरकुरले,
एवढी कादंबरी कशाला.
तरी शिक्का मारला, दोन्ही पानांवर,
दुसऱ्यावर जरा तिरका.

दुसऱ्या पानाचे दहा रुपये जास्त होतात.
तिनं सुटे दिले, मोजून,
आणि पावती मागितली.

इथं पावती कुणी मागत नाही.
कशाला गं?
‘शिक्षणाच्या खर्चात दाखवायची,’ ती म्हणाली.
‘सुरुवात झाली ना आता.’

पावतीबुक शोधायला वेळ लागला.
खालच्या खणात होतं,
कार्बन सुकलेला.