कूलरमधला फासा

मेचा तिसरा शनिवार, त्रिमूर्तीनगर, दुसरा मजला.
क्षितिज टिचकुलेनं खोका फोडला
तेव्हा नव्या पुठ्ठ्याचा वास
ओल्या खसच्या वासात मिसळला.
साडेचार हजार, वर कस्टमचे वेगळे.
दीड महिना तो दुसरं बोलतच नव्हता:
मेलेल्या ताऱ्याभोवती फिरणारं देऊळ,
मंत्रावर चालणारी इंजिनं,
गंज चढलेले देव आणि त्यांना तेल घालणारे पुजारी.
"पाहाच बे तुम्ही," म्हणाला, "येडे होऊन जासान."

आम्ही तयारीनं आलो होतो.
हर्षद झाडेनं आपल्या शिपायाला
तीन पानांचं बालपण लिहून आणलेलं.
मृणालच्या जादूगारणीचा डावा हात काचेचा.
माझी मेकॅनिक, नाव तांबेरा:
तिनं यंत्राला कान लावला की तिला कळायचं
त्याला शेवटचा हात कुणाचा लागला.

पहिलं दार उघडलं. पलीकडे दार.
त्याच्या पलीकडे लांब पॅसेज, आणि दार.
क्षितिज चौकटीतला मजकूर वाचायचा
लग्नात मंगलाष्टकं वाचतात तसा,
थांबायची सोय नसलेला.
दुसऱ्या तासाला चांदीच्या चिलखताचा एक सरदार आला,
पुस्तकातलाच, पुस्तकाच्याच मर्जीतला.
राक्षस त्यानं मारला.
पूल त्यानं तोडला, आम्ही वर असताना.
आमचे फासे उरले
तो किती देखणा दिसला ते ठरवायला.

मग तांबेरानं मोठ्या इंजिनाला कान लावला.
"काय ऐकू येते?"
क्षितिजनं मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं,
नकाशाच्या मागची बाजूसुद्धा.
"इथं काहीच लिहून नाही ना बे."

हर्षदनं चिडून फासा फेकला आणि नेमकी लाइन गेली.
कूलरची एक ताटी धुवायला काढलेली होती,
त्या बाजूनं डुबुक असा आवाज आला.
पंप थांबला. खिडकीतून सेहेचाळीस डिग्रीची
रात्र हळूच आत सरकली.
कोणी मोबाइल लावला नाही.
मी विचारलं, उगाच,
"जहाजात वास कसला येते रे?"

पुस्तक दिसत नव्हतं त्याला.
"खसचा," म्हणाला. बऱ्याच वेळानं.
"ओल्या खसचा. कोणीतरी रोज येऊन
भिंतीवर पाणी टाकून राह्यलं.
शेकडो वर्षं झाली. कोणासाठी, ते त्यालेही आठवत नाही."

मृणालनं अंधारात भिंत चाचपली.
"थंड आहे," ती म्हणाली, "माझ्या काचेवर वाफ धरली."
हर्षदचा शिपाई पहिल्यांदाच कुजबुजला:
"गडव्याचा आवाज येतोय, वरच्या मजल्यावरून."
आम्ही चौघंही वर पाहत होतो
जिथं नुसता बंद पंखा होता.

पंचवीस मिनिटं. मग लाइन आली.
पंप खाकरला, आणि क्षितिजनं
विद्यार्थ्यासारखं पान एक्केचाळीस उघडलं.

शेवटी सरदारानं तलवार खुपसून तारा पेटवला.
खाली बारीक अक्षरात: पुढील भागात.
पहाटे तर्री-पोह्याच्या गाडीवर
क्षितिजनं कोणाला खिशात हात घालू दिला नाही.
"नकाशे भारी होते पण," हर्षद म्हणाला,
जेवण फसलेल्या लग्नातून निघताना
मंडपाची तारीफ करावी तसं.
क्षितिजनं तर्री जास्त मागून घेतली
आणि डोळे पुसायला त्याला कारण मिळालं.

जूनच्या शेवटी त्याचा फोन आला.
कूलर रिकामा करताना फासा सापडला होता,
क्षाराचा पांढरा थर चढलेला,
तळाला चिकटून, वीस वर.
"हलवला नाही मी. तसाच आहे.
हा धरायचा का बे?"

आम्ही दोघं आठवत राहिलो
तो नेमका कशासाठी टाकला होता.